काठोकाठ

पर्लिंग्टनच्या धक्क्यावर सकाळी सहाला
धुकं इतकं खाली उतरलेलं असतं
की बोटी दिसत नाहीत, त्यांचे नंबर तेवढे दिसतात.
मी कानानं ओळखतो:
तीन नंबरचा पंप धापा टाकतोय,
पाच नंबरच्या पात्यात काल सायप्रसचं मूळ अडकलंय.
माझं काम इंजिनांचं.
बंदुका पलीकडच्या खोलीत असतात,
तिची किल्ली माझ्याकडे नाही.

नदीचं नाव मोती, रंग कोऱ्या चहाचा.
इथे नदीवरचे शिपाई घडवतात,
दुसऱ्यांच्या नद्यांसाठी.
यंदा बारा जण आलेत.
बरिसालचा मोफज्जल,
उरुग्वेची लेफ्टनंट एचेव्हेरी, जी तुंबीतून नळीनं
कडू चहा ओढत नकाशा वाचते,
घानाचा क्वाबेना, ज्यानं आपल्याला उत्तम पोहता येतं
ही गोष्ट तिसऱ्या आठवड्यापर्यंत लपवली.
सहा महिन्यांनी हे सगळे निळ्या टोप्या घालून
अशा पाण्यावर असतील
ज्याचं नाव त्यांना अजून नीट उच्चारता येत नाही.

शिकवतो ओडेल लॅडनर.
सत्तरीचा, उजव्या हाताला तीन बोटं.
'पावसकर' त्याच्या जिभेवर कधी बसलंच नाही,
मला तो 'पॉज' म्हणतो.
पहिल्या दिवशी त्यानं
ना दबा धरायच्या जागा दाखवल्या, ना मगरी.
एका चपट्या होडक्यात जाऊन बसला,
मांडीवर चिनी मातीचा कप,
कॉफी काठोकाठ.
म्हणाला, मी बाजाराला निघालेली बाई आहे.
माझ्या शेजारून जा.

मोफज्जल आला तो दोनशे घोडे उधळत आला.
जन्म नदीत गेलेला माणूस,
पण हाताखाली एवढी ताकद पहिल्यांदाच.
पाणी मधोमध उसवत गेलं,
लाट आली, होडकं कललं,
कप गेला, पाठोपाठ ओडेल गेला.
वर आला तेव्हा मिशीला गाळ.
'बाई मेली,' म्हणाला. 'पुढचा.'

दुपारपर्यंत बाई अकरा वेळा मेली.

आमच्या दाभोळच्या खाडीत रेतीचे बार्ज चालायचे.
ते कुणाचं वाईट चिंतत नसत,
घाईत असत, एवढंच.
तिसऱ्यांची पाटी मांडीशी धरून
आत्या होडीत बसली होती.
पाटी दुसऱ्या दिवशी मिळाली.

ओडेलला मी हे सांगितलेलं नाही.
त्या रात्री मात्र दिवा लावून
बाराही इंजिनांचं आयडलिंग खाली आणलं,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.

शेवटच्या दिवशी परीक्षा.
आणि नेमकी त्याच वेळी, झाडीपलीकडे,
रॉकेटच्या इंजिनाची चाचणी सुरू झाली.
आकाश गुरगुरायला लागलं,
बगळे उडाले,
वारा नसताना पाण्यावर काटा आला.
होडक्यातला कप थरथरत होता.
मोफज्जल वळणावरून आला, त्यानं ते पाहिलं,
आणि इंजिन बंद केलं.
कमी नाही, बंद.
मग खाली वाकून वल्हं काढलं,
जे आम्ही बोटीत नुसतं नियमापुरतं ठेवतो.
हळूहळू वल्हवत तो होडक्याजवळून गेला,
आणि जाता जाता बंगालीत विचारलं,
मावशी, आज मासळीला भाव काय?

ओडेलला शब्द कळला नाही.
त्यानं कप उचलला, एक घोट घेतला,
तोंड वाकडं केलं.
'पार थंड झाली,' म्हणाला.
आमच्या शाळेत पास झालास हे असं सांगतात.

ते गेले. त्यांच्या नद्यांची बातमी इथे येत नाही,
आली तरी ती आकड्यांत येते.
पुढच्या तुकडीसाठी मी मागणीपत्र भरलं:
तेल, फिल्टर, पाती चार,
चिनी मातीचे कप, दोन डझन.
वरच्या कचेरीनं विचारलंय, कप कशाला?
अजून उत्तर लिहिलेलं नाही.

ओहोटीला धक्क्याजवळ जुने कप उघडे पडतात,
गाळात अर्धे रुतलेले.
ओडेल ते काढू देत नाही.
वाकून पाहिलं तर प्रत्येकात
थोडी थोडी नदी असते,
काठोकाठ, न हलणारी.