पाव फेरी

सिस्टर क्लावदिया येगोरोव्ना म्हणाली,
दर सहा तासांनी, पाव फेरी.
चार पाव म्हणजे एक मिलिमीटर.
मला हे सांगायची गरज नव्हती.
मी हाडाचा कातारी,
कुर्गानच्या बस-कारखान्यात एकोणीस वर्षं
लेथवर आटे पाडत होतो.
आट्यांमधलं अंतर मला नखानं कळायचं.

पण हे नट तुझ्या पायावर होते, तान्सिलू.
तारा पिंडरीतून आरपार,
सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या,
भोवती पोलादी कडी,
आणि आत नडगीचं हाड
डॉक्टरांनी मुद्दाम, फार जपून तोडलेलं.

तीन वर्षांची होतीस तेव्हा ताप आला होता.
हाडात पू झाला,
गुडघ्याखाली जिथून पाय वाढतो
तिथली कूर्चा जळून गेली.
उजवा वाढत राहिला. डावा त्या तापातच थांबला.
अकराव्या वर्षी दोघांत पाच सेंटिमीटर.

मी डॉक्टरांना विचारलं,
फटीत हाड येणार कुठून?
त्यांनी दिव्यावर फिल्म धरली.
म्हणाले, आत दोन टोळ्या असतात.
एक खात खात बोगदा पाडते,
दुसरी मागून येऊन थरावर थर लिंपते,
मधे रक्तापुरती वाट ठेवते.
लिंपणाऱ्यांतले काही भिंतीतच चिणले जातात,
मरत नाहीत पण,
बारीक हात पसरून एकमेकांना धरून बसतात,
कुठे भार आला, कुठे तडा गेला,
आतल्या आत कळवत.
तुम्ही फक्त ओढा. हळू.
भसकन ओढलंत तर फट रिकामी राहील,
आणि थांबलात तर हाड घाईनं जुळून जाईल.

तिसऱ्या आठवड्यात फटीत धूर दिसला,
उणे तिशीत तोंडातून निघतो तसा.
मग धुरात धागे,
सगळे ओढीच्या दिशेनं विंचरलेले.
धाग्यांवर चुना बसायला लागला.
तुझी आई रोज डब्यात चक्का आणायची,
जणू तोच थेट तिथे जाऊन बसणार होता.

तेविसाव्या दिवशी, रात्री बाराची पाळी.
संध्याकाळपासून तू ओरडत होतीस,
हाड वाढतं, पण शिरा त्याच्यामागे
फरफटत येतात, कुरकुरतात.
साडेअकराला कुठे डोळा लागला तुझा.
गालाखाली हात, ओठाला सूर्यफुलाच्या बीचं टरफल.
खिडकीबाहेर तोबोल गोठलेली.
पाना माझ्या हातात गरम झाला होता.
मी तो खिशात टाकला.
तक्त्यावर मात्र खूण केली.

दोनशे चौकटी. दोनशे खुणा.
फेऱ्या एकशे नव्व्याण्णव.

मी तुझ्या आईलाही बोललो नाही.

आता तू चोपन्नची.
त्युमेनला रेल्वेच्या रुळांमधलं अंतर मोजतेस,
फोनवर सांगतेस, बाबा, आज दोन मिलिमीटरचा फरक सापडला,
गाडी थांबवली.
मी हं म्हणतो आणि विषय बदलतो.

गेल्या मार्चमध्ये मी जिन्यापाशी बर्फावरून घसरलो.
मनगट काडीसारखं मोडलं.
पोरगेली डॉक्टरीण म्हणाली, आजोबा,
खाणारे अजून तरणे आहेत, लिंपणारे थकलेत.
फिल्ममध्ये माझं हाड म्हणजे वाळवी लागलेलं लाकूड.
तू रात्रीच्या गाडीनं आलीस.
माझ्या ताटातलं मांस कापून दिलंस.

तेव्हा सांगणार होतो.
हाड म्हणे दहाएक वर्षांत सगळं बदलून नवं होतं.
त्या हिवाळ्याचा एक कणसुद्धा तुझ्यात उरला नसेल,
चक्का नाही, धूर नाही, माझी ओढ नाही.
चार वेळा नवी झालीस तू,
आणि दरवेळी आतल्या त्या मुक्या गवंड्यांनी
तीच लांबी इमानानं पुन्हा बांधली,
मी सोडलेल्या पाव मिलिमीटरसकट.

तू जायला निघालीस.
दारात बूट घालण्याआधी पायपुसण्यावर
दोन्ही टाचा जुळवून क्षणभर उभी राहिलीस.
कुणाला दिसायचं नाही.
मला दिसतं.