उतारा

रात्री साडेनऊला ओडील दुकानाची पाटी उलटी करते,
चाव्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकते
आणि मागच्या खोलीत, इन्सुलिनच्या फ्रिजशेजारी,
शाळकरी पोरीसारखी वही उघडून बसते.
वय एकोणसाठ.
परवान्याला यंदा चार तास कमी पडताहेत.

बाहेर सुएत.
डोंगरावरून समुद्राकडे सुटलेला वारा;
शेटिकॅम्पात त्याला आडनाव लागत नाही.
छपरं तेवढी धरून ठेवायची.

पडद्यावर हॅलिफॅक्सची कोणी बाई सांगते आहे,
सत्तरीनंतर मूत्रपिंड कसं हात आखडतं,
अंगातलं पाणी आटतं,
आणि तीच गोळी, तेवढीच,
जावयासारखी मुक्काम वाढवत राहते.
ओडील लिहून घेते.
कॉलेजात हा भाग एका परिच्छेदाचा होता.
तिने तो ऑप्शनला टाकला होता.

मग चाचणी.
उतारा वाचा व प्रश्नाचे उत्तर द्या.

वय चौऱ्याऐंशी. एकटे राहतात.
रक्तदाबासाठी गोळी सुरू केली; घोटे सुजले.
सुजेसाठी लघवीची गोळी; रात्री चारदा उठणं.
उठणं थांबावं म्हणून तिसरी; तोंड कोरडं,
आणि सकाळी आज वार कोणता, ते आठवेना.
विसरण्यावर चौथी.
ही साखळी कुठे तोडाल?

पर्याय चार.
माऊसवरचा हात थांबतो.

उताऱ्यात माणसाला नाव नाही.
तिला ते ठाऊक आहे.
थेओतीम लफोर, धक्क्याजवळचं पिवळं घर.
पावणेपाच वर्षं त्या चारही
तिनेच भरल्या पाकिटांत, सोम, मंगळ, बुध,
कडा नीट दाबून.
घोट्यांचं तर त्याने तिलाच सांगितलं होतं,
गल्ल्यापाशी बुटाची नाडी सैल करत,
"ओडील, पायांना भरती आलीय."
ती हसली होती.
मागे रांग होती.

उत्तर क. हिरवी खूण. दीड तास जमा.
प्रमाणपत्र छापायचं का, यंत्र विचारतं.
ती बराच वेळ काहीच दाबत नाही.

गुरुवारी ती त्याच्या स्वयंपाकघरात.
"घरात जे जे औषध असेल ते आणा."
त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर पालथा केला.
चार तर होत्याच.
शिवाय खोकल्याचं चिकट औषध,
बोटीवरचं, खेकड्यांच्या मोसमातलं मलम,
आणि एक निळी बाटली, झेलीच्या नावाची.
झेलीला जाऊन सात वर्षं झाली.
"झोप येत नाही तेव्हा अर्धी घेतो.
तिची वाया कशाला घालवायची?"

हे उताऱ्यात नव्हतं.

डॉक्टरबाईंना तिने तीन फोन केले,
तिसऱ्याला त्या चिडल्या,
चौथा त्यांनी स्वतः केला.
सगळ्या एकदम नाही काढल्या.
जिना उतरावा तशा,
एकेक पायरी, कठडा धरून,
मध्ये दोन आठवडे एकाच पायरीवर.

एप्रिलमध्ये बंदरातला बर्फ फुटला.
थेओतीम आता वार सांगतो, तारीखही,
कोणत्या खाडीत किती सापळे टाकायचा तेही.
घोटे उतरले.
झेली गेल्याचंही त्याला आता रोज आठवतं,
सकाळी उठल्या उठल्या,
धुकं आड न येता, लख्ख.

"याच्यावर काय देतेस?"
तो विचारतो, भांडण नसलेल्या आवाजात.

ओडीलकडे पर्याय नाही, अ नाही, ब नाही.
ती कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकते
आणि केटलीत दोघांपुरतं पाणी भरते.
तो झेलीबद्दल बोलतो. तिला घाई आहे.
ती घड्याळाकडे बघत नाही.

याचे तास कुठे लिहायचे, तिला माहीत नाही.
परवान्याचे अडीच अजून बाकी आहेत.