वजनचिठ्ठीच्या पाठीवर

सुबराव हलगेकरांची चित्रं माझ्याकडे आली ती
निपाणीच्या तंबाखू वखारीच्या वजनचिठ्ठ्यांवर.
पुढे मण, शेर, कुणाची तरी कन्नड सही,
मागे शिसपेन्सिल.
अजून हुंगलं तर शिंक येते.

माणूस मुंबईत शिकलेला.
तिथे म्हणे वर्षभर एकच प्लास्टरचा पाय काढायला लावला,
ग्रीक पाय, अंगठ्याहून शेजारचं बोट लांब.
खानापुरात परतला तर
तसला पाय कुणालाच नको होता.
मग कौलांच्या कारखान्यात साचे,
आणि तंबाखूला भाव आला की निपाणीच्या माड्यांवर
हत्ती, वेलबुट्टी,
सज्जाखाली जांभई देणारे सिंह.

पट्टणशेट्टींना दारावर पऱ्या हव्या होत्या.
मुंबईच्या बँकेवर असतात तसल्या. पंखांसकट.

पऱ्या कुठून आणायच्या?
त्यानं बायको काढली.

चंद्राक्का तांदूळ निवडताना.
चंद्राक्का चुलीपुढे, ओठांशी फुंकणी,
बाजूला बारीक अक्षरात : तुतारी करावी काय?
चंद्राक्का मुलीची वेणी घालताना,
मुलगी नुसती तीन रेघांची,
एका जागी बसतच नसणार.
लुगड्याच्या निऱ्या अकरा वेळा.
पहिल्या खेपेला त्या ओल्या आहेत, चिखलाच्या,
अकराव्या खेपेला खांबावरच्या खोबणींसारख्या सरळ,
आणि आत कुणी चालत नाही.

तीस वर्षं मी पोरांना ड्रॉइंग शिकवलं,
मडकं, कापड, कापडावर मडकं.
रेघ कुठे घाबरते ते मला कळतं.
ही कुठेच घाबरलेली नाही, एका ठिकाणाखेरीज :
डाव्या हाताच्या मधल्या बोटाला चिंधी.
विळीवर कापलं असेल.
चिंधीची गाठ त्यानं पुन्हा पुन्हा काढलीय,
नाकावर एवढा वेळ घालवलेला नाही.

एका चिठ्ठीवर ती सरळ बघते.
त्याच्याकडे, म्हणजे आता माझ्याकडे.
खाली त्यानं तिचंच बोलणं लिहून ठेवलंय :
"बस्स की आता. मी दमलो."
आमच्याकडे बायका असंच म्हणतात.
शाळेत मी याच्याखाली तांबडी रेघ मारत आले.

त्याच चित्रात खांद्यांवर पंख होते.
पावाच्या तुकड्यानं खोडलेत,
कागद तिथे इतका विरलाय की
उजेडाला धरला तर पलीकडचं दिसतं.
उजव्या खांद्यावर तीन मण सात शेर.
डाव्यावर काटा वजा.

गेल्या मार्गशीर्षात त्या घराला रंग लागला.
परांची बघितली आणि राहवलं नाही.
त्रेसष्टाव्या वर्षी, पदर खोचून, चढले.
दस्तगीर पेंटर खालून शिडी धरून,
"बाई, पडलासा तर मालक मला धरतील."

चिंधी शोधायला गेले होते, खरं सांगते.
वाटलं होतं, वीस फुटांवर कोण बघतंय,
ठेवली असेल त्यानं.

नाक सरळ. पंख मोठे, चांगले जाड.
फुंकणीची तुतारी झालेली.
बोट गुळगुळीत.
बरोबरच आहे, शेटनी पैसे परीचे दिले होते.

फक्त कोपराच्या खोबणीत
कुंभारणीनं मातीचं घर केलं होतं,
लिंबाएवढं, वळून वळून,
आधी कुठे काही न गिरवता.

"हे खरवडू?" दस्तगीर वर आला होता, हातात पत्रा.
राहू दे म्हटलं, त्याच्या कडेकडेनं मार.
"मारतो की. पण मालकांनी गुलाबी सांगितलाय.
पंखांना चांदी."

खाली येऊन पायरीवर बसले.
त्यानं तांब्या पुढे केला.
"दमलो की रे," म्हणाले.