परतीचा फेरा

दोंडाईचा, स्टेशनमागची खोली.
खिडकीतून मिरचीच्या पथारीवरचा ठसका येतो,
टेबलावर धुळे, नंदुरबार आणि घाटाखालचा गुजरात,
आणि मी शिंकत शिंकत आखते आहे
जगातल्या सगळ्यांत हलक्या वस्तूचा प्रवास.

वीज ब्राह्मणवेलच्या पठारावरून, पवनचक्क्यांची.
पाणी तापीचं.
किलोमागे दहा लिटर, गळती धरून बारा.
गिऱ्हाईक खताचा कारखाना आणि काचेची एक भट्टी.
मधे कोंडाईबारी.

चाळीस टनांची गाडी,
आत माल साडेतीनशे किलो.
बाकी सगळं पोलाद.
सुपडूदादाला हे दोनदा समजावलं,
तेवीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला माणूस,
त्याने मिशी पुसली:
"म्हंजे पोऱ्या इतलासा, आनि पायना सागना!"

मग माझ्या स्क्रीनवरची निळी रेघ त्याने बोटाने दाबली.
"नकाशामा घाट सपाट शे, ताई.
गाडीले इचारी दख."

विचारलं.
पहाटे चारला, वाळूची पोती भरून.
रस्ता त्याला किलोमीटरमध्ये येत नाही,
दिवसांमध्ये येतो:
दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोडे उतरले
की पंधरा दिवस पूल विसरायचा.
उसाच्या बैलगाड्या असल्या की रात्री निघायचं नाही.
तिसऱ्या वळणावर फोन मरतो
आणि ब्रेक तिथेच तापतो.
परत आल्यावर मी एक रकाना वाढवला.
त्याचं नाव 'घोडे'.
वरच्या ऑफिसातून विचारणा आली, ही टायपिंगची चूक का?

आणि साठवण.
वारा आषाढात बेभान, कार्तिकात आळशी,
भट्टीला मात्र रोज सारखीच भूक.
आमच्या गावात ज्वारी पेवात उतरवायचे.
उघडताना आधी दोरीने कंदील खाली सोडत,
विझला तर माणूस उतरत नसे.
या पेवात कंदील चालणार नाही.
याला वास नाही, रंग नाही,
पेटला तरी दिवसाउजेडी ज्वाला दिसत नाही.
पंधरा पानं लिहिली मी सुरक्षिततेवर
आणि कंदिलाइतकं साधं वाक्य
एकही जमलं नाही.

विसरवाडीला चहाला थांबलो तेव्हा
वेस्तीबाई मावची गाडीभोवती एक फेरी मारून आली.
नळकांड्यांवर नख वाजवलं.
काय नेणार यातून?
म्हटलं, वारा आणि पाणी.
"वारा डोंगराचा, पाणी नदीचं.
येताना काय आणणार?"

रिकामी येईल, म्हटलं.
तशी अगदी रिकामी नाही,
तळाशी वीस बार दाब ठेवावाच लागतो,
नाहीतर बाहेरची हवा शिरते.
ती ऐकत नव्हती.
तिची सून तिथल्याच दवाखान्यात नर्स,
रात्री ऑक्सिजनचं सिलिंडर संपलं
की नंदुरबारला फोन लावत बसते,
हे ती सुपडूदादाला सांगत होती,
मला नाही.

पाणी फोडलं की
एक किलो हायड्रोजनमागे आठ किलो ऑक्सिजन निघतो.
माझ्या तक्त्यात त्याच्यापुढे एकच शब्द होता: हवेत.
मीच टाइप केलेला, माघात कधीतरी,
जेवायला उठायच्या घाईत.

दोन्ही एका गाडीतून नेता येत नाहीत.
वेगळी गाडी, वेगळा परवाना, वेगळा कॉम्प्रेसर,
आणि खर्च असा, की मीटिंगमध्ये
साहेबांनी चष्मा काढून ठेवला.
गिऱ्हाईक कोण?
म्हटलं, विसरवाडी.
ते म्हणाले, ते गिऱ्हाईक नाही, थांबा आहे.

मंजुरी आलेली नाही.
रेघा तशाच आहेत, निळ्या,
घाट अजून सपाट.
पण 'हवेत' हा शब्द मी खोडला आहे
आणि तिथे काय लिहावं
हे ठरेना म्हणून
ती चौकट पिवळी करून ठेवली आहे.

सुपडूदादा मधूनच डोकावतो,
छोट्या गाडीचं काय झालं विचारतो.
त्याचा भाचा आहे म्हणे, रिकामा,
घाटात हात बसलेला.