हार्डनॉट, तीनास एक

बूट नावाच्या गावात चहा घेतला
आणि घाटात बूटच काढावे लागले,
तळाला प्लास्टिकचे खूर असलेले,
ओल्या डांबरावर घसरणारे.

पाटीवर चढ लिहिला होता: तीनास एक.
हे प्रमाण मी आजवर
फक्त सरबताला वापरलं होतं.

विल्फ पोसलथ्वेट, वय एकाहत्तर,
सीटला न टेकता वर गेला,
जणू कुणी रहाटाने
ओढून घेतंय त्याला.
माझा शेवटचा गिअर
पहिल्याच वळणावर संपला.

मग पायी. ओल्या मोज्यांवर.
रस्त्यात एक राखी मेंढी बसलेली.
तिने पाहिलं. रवंथ थांबवलं नाही.

डावीकडे रोमनांचा किल्ला:
कमरेएवढ्या भिंती, बाकी वारा.
तेही इथे पायीच आले असणार,
आपापल्या भाषेत शिव्या घालत.
मीही घातल्या. सातारी.
दरीने निमूट ऐकून घेतल्या.

माथ्यावर विल्फ,
हातात भिजलेलं सँडविच.
'पुढे रायनोज,' एवढंच म्हणाला.
माझे बूट घेतले,
उलटे करून खडे झटकले,
आणि मी नाड्या बांधेपर्यंत
दोन्ही सायकली
वाऱ्यात धरून उभा राहिला.