किरकोळ दुरुस्ती

एकतीस मार्च, रात्रीचे साडेनऊ.
दारव्ह्याच्या बंद जिनिंगच्या शेडात मी, हिशोबाची,
डोक्यावर पंखा, आठवडाभर मुका होता, आज फिरतोय,
आणि व्हाउचर उडू नयेत म्हणून त्यांवर
एका जळक्या मोटरचं बेअरिंग.

पहिला हप्ता आला पोळ्याच्या आधी. तीस टक्के.
त्यात बारा शिलाई मशिनी, वायंडिंगचे चार स्टँड,
दोन बॅनर (कोणाचा लोगो वर, यावर सात पत्रं),
उरलं त्यात जिनवाल्याचं भाडं.
त्याच्यावर आम्ही दसरा ओलांडला, संक्रांत ओलांडली.

दुसरा हप्ता प्रक्रियेत आहे.
तीनदा नागपूरला जाऊन आले मी, प्रक्रियेला भेटायला.
पहिल्यांदा ती जेवायला गेली होती.
दुसऱ्यांदा तिची बदली झाली होती.
तिसऱ्यांदा भेटली, भली वाटली, पाणी विचारलं,
म्हणाली, अध्यक्षांची सही निळ्या शाईत आहे,
काळी पाहिजे.
आणि हजेरी कमी दिसते तुमची, नोव्हेंबरात.

नोव्हेंबरात कापूस वेचतात मुली, मॅडम.
सकाळी वेचून दुपारी येतात,
बोंडाच्या टोकांनी बोटं सोललेली,
मशीन म्हणतं, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवा.
हातच ओळखत नाही, अन् आपण हातांना काम शिकवतोय.
हे बोलले नाही मी. एसटी सव्वापाचची होती.

उईके सर चार महिने बिनपगारी शिकवतात.
विचारलं तर म्हणतात, "राहू द्या नं म्याडम, तूर निंगाली थोडी."
चहावाल्याची वही मी माझ्याच पर्समधून मिटवते,
तिला कोणताही शीर्ष नाही.

तिसरा हप्ता आणखी पुढं. त्याची अट :
मुलगा किंवा मुलगी नोकरीवर नव्वद दिवस टिकावी.
करिश्मा राठोड, तांड्यावरची, मोटर रिवायंडिंग,
चाकणला लागली. मोटरीला हात नाही,
खोक्यांना चिकटपट्टी लावायची, बारा तास उभ्यानं.
एकाहत्तर दिवस.
एकोणीस कमी पडले.
पान चौदा, रकाना सहा, माझ्याच अक्षरात : गळती.

परवा तिलाच फोन केला, पंख्यासाठी.
आली स्कुटीवर, हँडलला तांब्याच्या तारेचं रीळ अडकवून.
पंखा उघडला, हुंगला,
"हे आपल्याच बॅचनं भरलं होतं का वो? तवाच."
आणि हसली, कारण भरणाऱ्यांत ती स्वतःही होती.

गावात सध्या नऊ पंप तिच्याकडं आहेत, सांगत होती.
बाप आता कोणाला नाव विचारलं तर दुकानाचं नाव सांगतो.
मी हावरटासारखी विचारलं, परवाना काढलास का?
परवाना असला तर स्वयंरोजगारात धरता येते तुला,
तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दुकानाचा फोटो, फोटोवर अक्षांश-रेखांश.
"काढीन नं. दुकान म्हंजे सध्या आमची ओसरी हाय."

बिल मात्र छापील दिलं तिनं.
राठोड रिवायंडिंग वर्क्स. चारशे वीस रुपये फक्त.
शिक्का थोडा तिरपा.

आता हे कुठं घालू?
प्रशिक्षण शीर्ष संपलाय. यशोगाथांना अनुदान नाही.
किरकोळ दुरुस्तीत सहाशे शिल्लक दिसतात, कागदावर.
तिथं घातलं.
म्हणजे एकाच फायलीत ती दोनदा आली,
चौदाव्या पानावर गळालेली,
एकतिसाव्या पानावर आमची पुरवठादार.
ऑडिटर ही दोन पानं शेजारी ठेवणार नाही.

पैसे तर नाहीतच.
तिला तसं सांगितलं, हप्ता आल्यावर देते.
"कवा येते हप्ता?"
प्रक्रियेत आहे, म्हटलं.
"मंग बसा तवर पंख्याखाली."

प्रमाणित करण्यात येते की
निधी ज्या प्रयोजनार्थ मंजूर झाला
त्याच प्रयोजनार्थ खर्च झाला.
देणे बाकी : चारशे वीस.
खाली सही केली,
काळ्या शाईत.