खाली फ्लॅश

शेंदुरजना घाटाच्या अलीकडे, डांबर संपतं तिथे
खोडस्करांचा मळा. संत्र्याला आंब्या बहार फुटलेला,
वास इतका की लेन्स पुसावीशी वाटावी.
वऱ्हाडी मोजून साठ. डीजे नाही, ड्रोन नाही.

वृषालीनं महिनाभर आधीच बजावलं होतं,
"ताई, करिझ्मा अल्बम नको. डिजिटल तर आणूच नका.
तुमच्या बाबांचा तो डबा आणा."
डबा म्हणजे याशिका. छाया स्टुडिओच्या काउंटरवर
वीस वर्षं अगरबत्तीच्या धुरात बसलेली.
एका रोलात फोटो बारा.
एरवी मी नुसत्या हळदीत बाराशे काढते.

खोक्यांवर, जिथे मंडीचं नाव पडतं,
त्याच पत्र्याच्या अक्षरांनी, त्याच लाल रंगानं
छापलं होतं: वृषाली निनाद.
पत्र्यांत 'ष' नव्हताच. कुठल्या मंडीला लागतो?
निनादनं तो हातानं काढला, जरा पोटात फुगला.
पहिला फोटो मी त्या 'ष'ला दिला.

मग क्रोशाच्या मुंडावळ्या.
पळसाच्या पत्रावळी, काड्या अजून ओल्या.
निनादच्या आईच्या जुन्या पातळाचा अंतरपाट,
मधोमध रफू,
आणि रफू दिसू नये म्हणून त्यावर भरलेला पोपट
सगळ्यांत आधी दिसणारा.

याशिकात मान खाली घालून बघावं लागतं.
काचेत उजवं-डावं उलट:
नवरी नवऱ्याच्या जागी,
भटजी डाव्या हातानं अक्षता टाकताहेत,
मी पुढे सरकले की सगळा मांडव
भलतीकडे निघून जातो.

सहाव्या फोटोनंतर शेवंताआत्या शेजारी येऊन उभी राहिली.
"हे कंदील, ह्या पत्रावळी, असंच तं होतं आमचं लगन.
तवा लोक त्याले गरिबी म्हनत. आता काय म्हंतेत?"
"व्हिंटेज," मी म्हटलं.
"बेस झालं. भाव वाढला म्हनायचा."

मग जरा थांबून,
"फोटो तुह्या बापानंच काढले होते आमचे.
लय चकचक केलं बाप्पा त्यानं, डोळे दिपले.
रोल धुतानी खराब झाला म्हने."

मला माहीत होतं.
बाबांनीच सांगितलेलं, दवाखान्यात,
सलाईन संपायची वाट बघताना:
काही लग्नांत पैसे फोटोचे नसत, उजेडाचे असत.
मुलीचा बाप रोलापुरतेही देऊ शकायचा नाही,
पण वऱ्हाडासमोर फ्लॅश तर पडला पाहिजे.
बाबा रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण दाबत राहायचे.
रोल खराब झाला, हे नंतर दोघं मिळून सांगायचे.
नावं त्यांनी सांगितली नाहीत.
मी विचारली नाहीत.

मंगलाष्टकं झाली. ऊन झाडांच्या बुंध्यांपर्यंत उतरलं.
अकरा संपले होते.

आत्याचे मालक विहिरीच्या काठावर संत्रं सोलत बसलेले.
तिला त्यांच्याशेजारी बसवलं.
त्यांना ऐकू कमी येतं; तिनं कानात ओरडून सांगितलं, "फोटू!"
त्यांनी टोपी नीट केली, साल खिशात घातलं
आणि विचारलं, "पैसे किती लागन?"
आत्या हसली. तोंडावर पदर न्यायला तिला उशीर झाला.
बारा.

"ताई! शेवटचा आमचा, कंदिलापाशी!"
वृषाली ओरडत होती. उजेड दोन मिनिटांचा उरलेला.
निनादनं वात वर केली, काच काजळली, खाली केली.
मी हँडल फिरवलं. ते सैल फिरलं,
पाणी गेलेल्या नळासारखं.
मान खाली घातली.
काचेत दोघं उलटी, सुंदर,
पोपटाचा अंतरपाट तिनं खांद्यावर घेतलेला.

"हसा," मी म्हटलं.
आवाज अगदी तसाच येतो.

"धुताना काही सांगता येत नाही हं,"
मी आधीच म्हणून ठेवलं.